पाठ डब्याकडे

१

चहा एक जास्त आला.

झालं होतं ते एवढंच. लोह्याच्या पुढं, फाट्यापासून आत माळावर आमची रविवारची डबाशोध फेरी नुकतीच संपली होती. शहेबाज मोटारसायकलवरून फाट्यावर जाऊन किटलीभर चहा घेऊन आला. तूर काढून मोकळ्या झालेल्या रानाच्या बांधावर सगळे बसले होते. कुणी पाणी पीत होतं, कुणी बुटातले खडे झाडत होतं. त्यानं कागदी कप भरून एकेकाच्या हातात दिले आणि शेवटी एक भरलेला कप धरून उभा राहिला.

"हा कुणाचा?"

कुणाचाच नव्हता.

"मोजूनच तर आणलो मी," तो म्हणाला. "जाताना बसलेले मोजलो, उभे मोजलो."

"तुझं गणित शाळेतच सुटलंय," मी म्हणाले.

"गणिताचं सोड बाई. त्या बाभळीखाली एक पोरगी बसली होती का न्हाई? फाट्याकडं तोंड करून? ती कुठं गेली?"

सगळ्यांनी वळून बघितलं. बाभळीखाली शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि सावली होती. कहकशां नावाची एक नवीन मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती, उदगीरची, नांदेडला फार्मसीला शिकणारी. तिनं त्याच्या हातातून कप काढून घेतला. "भांडू नका. उरलेला चहा माझ्या नशिबाचा असतो." सगळे हसले. मीही हसले.

मी घाबरट आहे. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं ताट पडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळं मला काही वेगळं वाटलं की मी आधी स्वतःलाच खोटं ठरवते. उन्हात लांबून पाहताना माणूस चुकतो. शहेबाज तर जवळूनही चुकतो.

पण परत निघताना मी त्या बाभळीजवळून मुद्दाम गेले नाही. बांधाच्या पलीकडून, लांबचा वळसा घालून गेले.

२

आमचा खेळ साधा आहे. एकानं झाकणाचा डबा रानात कुठंतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ग्रुपवर टाकायचे. बाकीच्यांनी फोन बघत तिथवर पोचायचं. फोन जागेच्या आसपास आणून सोडतो, पुढचं काम डोळ्यांचं. डब्यात गोट्या, किल्लीची साखळी, खोडरबर असलं काहीबाही. एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. जगभर लोक हे खेळतात. नांदेड-लातूरकडं तो आणला लुंबिनीनं.

लुंबिनी लोह्याची. एम.एस्सी.ला आम्ही एका खोलीत राहायचो. ग्रुपचे नियम तिनंच केले. डबा सापडला तर ओरडायचं नाही. गुपचूप उठायचं, चार पावलं लांब जायचं आणि बसायचं. बसायचं तेही डब्याकडे पाठ करून, कारण डोळे चहाडी करतात, माणूस न कळत पुन्हा पुन्हा तिकडंच बघतो. बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. बाकीच्या सगळ्यांना सापडेपर्यंत त्यानं तसंच बसून राहायचं. आणि ज्याला शोधणं नको झालं त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "हरले." म्हटलं की बसलेल्याला ओ द्यावीच लागते आणि जागा सांगावी लागते.

लुंबिनी कधीच "हरले" म्हणाली नाही. ती नेहमी बसलेल्यांतली. बूट काढून शेजारी नीट जोडीनं ठेवायची आणि मोज्यात घुसलेली कुसळं एक एक उपटत बसायची. मी सगळ्यांत आधी हरायचे. झुडपात हात घालायची भीती, दगड उचलायची भीती. मी ओरडले की ती वळायची आणि लांबडी ओ द्यायची. "ओऽ, ये, घाबरू, ये."

दोन वर्षांपूर्वी, असल्याच थंडीत, ती एका शनिवारी दुसऱ्या दिवशीचा डबा लपवायला एकटी निघाली. स्कूटी याच माळाजवळच्या रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली सापडली, हँडल लॉक केलेली. जागेचे आकडे तिनं ग्रुपवर टाकलेच नव्हते. पोलिसांनी कुत्रं आणलं. गावकऱ्यांनी मोटारी लावून विहिरी उपसल्या. काही मिळालं नाही. मग ज्याच्या त्याच्या कामाचे दिवस आले आणि शोध थांबला.

माझा थांबला नाही. मी तो सगळा माळ नकाशावर चौकोनांत पाडला. दर महिन्याला दोन-तीन चौकोन धरून फेरी ठरवायची, पोस्टर करायचं, "फेब्रुवारी चॅलेंज" वगैरे नाव द्यायचं आणि डबे अशा ठिकाणी लपवायचे की लोकांनी प्रत्येक घळ, प्रत्येक झुडूप, दगडांचा प्रत्येक ढीग हुडकला पाहिजे. लोक हौसेनं येतात, सेल्फी काढतात, वडापाव खातात. आपण खरं म्हणजे काय शोधतोय हे त्यांना माहीत नसतं. शहेबाजला माहीत आहे. लुंबिनीच्या आईला माहीत आहे. आणखी कुणाला नाही.

३

दर फेरीनंतर मी लोह्यात लुंबिनीच्या आईकडं, सरजाबाईंकडं जाते. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. मी दारात चपला काढायच्या आत त्या विचारतात, "काय गवसलं, माय?"

"डबे गवसले, काकू."

"बस मग. भाकर खा."

त्या दिवशी घरात लुंबिनीचा थोरला भाऊ रविकांत आला होता. तो लातूरला बँकेत आहे. त्याचं लग्न ठरून वर्ष होत आलं होतं. मुलीकडचे भले लोक, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. लुंबिनीचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसाचा तो विधी, झाल्याशिवाय घरात लग्नाचं नाव काढायचं नाही, आणि पुण्यानुमोदन करू द्यायचं नाही, अशी सरजाबाईंची दोन्हीकडून गाठ.

"आई, भंतेजी पण म्हणाले, आता करायला हरकत नाही," रविकांत म्हणाला.

"कुणाचं करायचं?"

"आई..."

"न्हाई, मला सांग कुणाचं. मेलेल्या माणसाचं करत्यात. तू बघितलास का? हिनं बघितलं का?" त्यांनी माझ्याकडं हात केला. "मग?"

रविकांत उठून अंगणात गेला. नळाची तोटी सोडल्याचा आवाज आला. तो तोंड धूत होता, बराच वेळ.

सरजाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तुमच्या खेळात ते म्हनत्यात न्हवं, हरले म्हून? लुंबिनीनं सांगितलं हुतं मला. म्हनली, आई, तसं म्हनलं की डाव संपतो. तू म्हनशील का?"

"नाही, काकू."

"माझी शपथ घे."

मी घेतली. भाकरी खाऊन मी उठले. पलीकडच्या खोलीत, भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, लुंबिनीची बॅग उभी होती. तिच्यावर धूळ नव्हती. कुणीतरी ती रोज पुसत होतं.

४

पुढच्या फेरीचे डबे लपवायला मी शनिवारी गेले. शहेबाज यायचा होता, पण त्याच्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईक अडकलं. दिवसाउजेडी काम करायचं, उघड्या माळावर, हाकेच्या अंतरावर ज्वारी राखणारी माणसं. तरी पायाखालून तितर उडाला तेव्हा मी किंचाळले. राखणीवरच्या म्हातारबानं विचारलं, "काय झालं व बाई?" मी म्हणाले, "काही नाही, तितर." ते म्हणाले, "त्ये तुमालाच भ्यालंय."

रविवारी फेरी सुरळीत झाली. मी वर टेकाडावर उभी राहून सगळ्यांवर लक्ष ठेवून होते. डबा सापडून कोण बसलंय, कोण अजून शोधतंय, हे तिथून नीट दिसतं. मोजले तेवढेच होते. कुणी जास्त नव्हतं. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं यावरून कळलं की महिनाभर मी तो उरलेला चहाच घोकत होते.

परतताना कहकशां माझ्या स्कूटीवर मागं बसली होती. रस्ता खराब होता, त्यामुळं ती कानाशी बोलत होती.

"दीदी, एक चीटिंग सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मी डबा शोधतच नाही. आधी कोण बसलंय ते बघते. आसपास कुणी बसलं असेल तर डबा जवळच असणार ना. ती एक ताई आहे, ती सगळ्यांच्या आधी बसलेली असते. मागच्या वेळेला पण ती होती, आज पण. पण तिच्या जवळपास काही मिळतच नाही, कसम से. तिचा डबा वेगळाच असतो वाटतं."

मी ब्रेक दाबला नाही. गाडीच आपोआप हळू झाली.

"कुठली ताई?"

"नाव नाही माहीत. नियम आहे ना, बसलेल्याशी बोलायचं नाही. आकाशी ओढणी असते तिची. बूट काढून बाजूला ठेवते आणि मोज्यातली कुसळं काढत राहते. मला हसूच येतं, दीदी. मी पूर्ण चक्कर मारून आले तरी हिची कुसळं संपलेली नसतात."

रस्त्याच्या कडेला हरभऱ्याच्या रानात बायका भाजी खुडत होत्या. एकीनं दुसरीला काहीतरी म्हटलं आणि दोघी खळखळून हसल्या. मी तो आवाज धरून ठेवला. तो खरा होता.

"तोंड बघितलंस तिचं?" मी विचारलं.

"नाही ना. पाठमोरी असते."

५

मी ग्रुपवरचे सगळे फोटो उघडून बसले. एका फोटोत, माणसांच्या मागं खूप लांब, काहीतरी आकाशी होतं. मोठं केलं तर चौकोनी ठिपके झाले. खताचं पोतं असू शकतं. आमच्याकडं बांधाबांधाला पोती पडलेली असतात.

शेळ्या राखणारी मुलगी असेल. आकाशी ओढणी काय बाजारात एकच येते? कुसळं तर माळावर बसणारा प्रत्येकजण काढतो. कहकशां नवीन आहे, तिनं आमच्यातल्याच कुणाला तरी बघितलं असेल. हे सगळं माझी आई मला समजावते तसं मी स्वतःला समजावलं. आईनं त्याच वेळी मिक्सर लावला आणि मी खुर्चीवरून उठलेच.

शहेबाजला फोन केला. चहाची गोष्ट काढल्यावर तो आधी थट्टेवारी न्यायला लागला. मग मी कहकशांचं सांगितलं. दुकानातला ग्राहक "भाई, ग्लास बदलायला किती वेळ," असं विचारत होता, ते मला ऐकू येत होतं.

"ओढणी मी पण बघितलो होतो," तो शेवटी म्हणाला. "बोललो न्हाई तुला. तू आधीच अशी. म्हटलं, कशाला."

"तिचं तोंड कुठं होतं?"

"सांगितलो की. फाट्याकडं."

"म्हणजे पाठ?"

त्याला समजायला क्षण लागला. आमच्याबाहेरच्या माणसाला समजलंच नसतं. "ज्योत्स्ना," तो म्हणाला, "असं नको करू बाई."

मी नकाशा काढला. फाट्याकडं तोंड, म्हणजे पाठ माळाच्या आतल्या अंगाला. बाभळीपासून मागं पेन्सिलनं रेघ ओढली. मग कहकशांला विचारलं. दुसऱ्या फेरीत ती ताई कुठं बसली होती आणि कुणीकडं बघत होती? तिनं सांगितलं, वीजवाहिनीच्या मोठ्या मनोऱ्यांकडं. दुसरी रेघ. दोन्ही रेघा एका ठिकाणी छेदत होत्या. पण दोन रेघा कुठंतरी छेदणारच, त्यात काय. मी पेन्सिल ठेवून दिली.

मधल्या रविवारी मी फेरी ठेवलीच नाही. फक्त कहकशांला म्हणाले, एक नवीन जागा पाहायला चल, दोघीच. ओढ्याच्या पलीकडं आम्ही गेलो. मी मुद्दाम खाली मान घालून चालत होते. बऱ्याच वेळानं कहकशां म्हणाली, "दीदी, ती ताई आज पण आली. तुम्ही तिला सांगितलं होतं का?"

मी मान वर केली. तिचं बोट होतं तिथं निवडुंग होता. कुणी दिसलं नाही मला.

"कुणीकडं तोंड आहे?"

"ऊन तिच्या डोळ्यांवर येत असेल. सूर्याकडंच आहे." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "दीदी, तुम्ही रडताय का?"

घरी येऊन मी तिसरी रेघ ओढली. ती पहिल्या दोन जिथं भेटल्या होत्या तिथूनच गेली.

तो चौकोन माझ्या नकाशावर केव्हाच खोडलेला होता. पहिल्याच वर्षी मी तिथं डबा लपवला होता. लोकांना तो लगेच सापडला, ते उठून लांब जाऊन बसले आणि मी त्या चौकोनावर फुली मारली. आम्हा लोकांचं असंच असतं. डबा सापडला की त्या जागेकडं कुणी पुन्हा बघत नाही.

६

सरजाबाईंना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शहेबाज म्हणाला, नको. "त्या माउलीला कशाला आणखी. आधी आपण जाऊन बघू." पण त्यांच्या शपथेत अडकलेली मी होते, तो नव्हता.

अंगणवाडी सुटायच्या वेळेला गेले. पोरं खिचडी खाऊन गेली होती. त्या मोठं पातेलं राखेनं घासत होत्या. मी शेजारी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. चहा, ओढणी, बूट, कुसळं. वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला हाकलतील. त्यांचा हात पातेल्यावर गोल गोल फिरत राहिला.

"वाळलीया का?" त्यांनी विचारलं.

"मी नाही बघितलं, काकू. मला दिसत नाही."

"स्वेटर हाय का अंगात? चॉकलेटी? थंडीची गेली हुती."

"ओढणी आहे एवढंच म्हणाली ती मुलगी."

हात थांबला. त्यांनी राखेचा बोळा खाली ठेवला आणि पदराला हात न पुसताच बसून राहिल्या. समोरच्या लिंबावर होला घुमत होता.

"दोन वर्सं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं बसून हाय लेकरू. कुनी इचारंना, कुनी बोलंना. तिनंच केलेला नेम, ती कशी मोडंल?"

मी तो बोळा उचलून पातेल्यात ठेवला.

"आपुन हरत न्हाई म्हून ती उठत न्हाई, ज्योत्स्ना. मला वाटलं मी तिची वाट बघून ऱ्हायली. तीच माझी बघून ऱ्हायली."

"काकू, ते तसं नसेल. दुसरीच कुणी असेल."

"आसंल." त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळूच. पातेलं पाण्यानं विसळलं आणि भिंतीला उपडं लावलं. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "तू जा उद्या. आन् म्हन."

"काय म्हणू?"

"म्हन हरले म्हून. मी घातली हुती न्हवं शपथ? मीच सोडिते." पदर खोचत त्या म्हणाल्या, "मला यायला सांगू नगं. माझ्या तोंडून त्यो शब्द न्हाई निघायचा."

मी निघाले तेव्हा त्यांनी "जयभीम" म्हटलं नाही. नेहमी म्हणतात. गल्लीच्या वळणावर मी मागं बघितलं. त्या घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होत्या.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी शहेबाज आणि मी गेलो. मोटारसायकल शेतांकडं जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी लावली आणि पुढं चालत निघालो. तो सारखं काहीतरी बोलत होता. त्याच्या अब्बांच्या गुडघ्याबद्दल, लग्नात वाजलेल्या डीजेबद्दल. भीती वाटली की त्याचं तोंड सुटतं आणि माझं मिटतं.

रेघा जिथं भेटल्या होत्या ती जागा काही विशेष नव्हती. थोडासा उंचवटा, पांढरट माती, मातीत खापराचे तुकडे. कधीकाळी इथं वस्ती असावी. दोन-तीन बोरी, बाकी गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत. फोननं पोचल्याचं सांगितलं आणि त्याचा तो टुंग आवाज ऐकून मी दचकले.

आम्ही शोधलं. या वेळी डबा नव्हता, म्हणून थांबायचं कारण नव्हतं. बोरीच्या बुडात हात घातले. ओरखडे उठले. दगड उलटे केले. शहेबाजनं काठीनं गवत दाबून दाबून बघितलं. ऊन कलायला लागलं, आमच्या सावल्या लांबल्या, आणि मिळालं काय, तर एक पाण्याची चेपलेली बाटली. कुठल्याही माळावर मिळते.

"न्हाई काही," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. धुळीनं असतील. "रेघा आपण ओढल्या, ज्योत्स्ना. आपल्यालाच पाहिजे होत्या म्हणून जुळल्या. चल."

"तू गाडी इकडं बांधापर्यंत आण. माझे पाय राहिलेत. मी आले हळूहळू."

"एकटी थांबशील?"

"हो."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, काहीतरी विचारायचं होतं ते विचारलं नाही आणि निघाला. बराच वेळ त्याची पाठ दिसत होती. मग ज्वारीआड गेली. ताटांची सळसळ झाली, तीही थांबली.

मी म्हणणार होते. पण शब्द निघेना. एवढ्या वेळा हरलेली मी, एवढ्या सहज ओरडायचे. आता वाटलं, मी म्हटलं की लोह्यात एक बॅग उचलून माळ्यावर जाईल. रविकांतचं लग्न होईल. विधीला लोक येतील, पांढऱ्या कपड्यात, आणि फोटोसमोर फुलं ठेवतील. हा एक शब्द न म्हणणं, एवढ्यावरच ती कुठंतरी होती.

गवतात टिच्च असा आवाज झाला.

अगदी बारीक. लोकरीतून काही उपटल्यासारखा. किडा असेल. मी श्वास धरला. पुन्हा, टिच्च. थोड्या वेळानं पुन्हा.

मी मान वळवली नाही. फक्त डोळे उचलले.

दुसऱ्या बोरीच्या पलीकडं, उतारावर, ती बसली होती. मघाशी आम्ही दोघांनी तिथलं गवत तुडवलं होतं. ओढणी आकाशी नव्हतीच आता, उन्हानं उडून मातीच्या रंगावर आली होती, फक्त घडीच्या आत थोडा रंग उरला होता. बूट शेजारी जोडीनं ठेवलेले, त्यांच्या आतून गवत उगवून वाळलेलं. तिची कोपरं हलत होती. एक हात वर यायचा, बोटांतलं कुसळ वाऱ्यावर सोडायचा आणि पुन्हा पायाकडं जायचा. एवढं सावकाश, एवढं शांत, की माझी भीती एकाएकी बाजूला सरली आणि छातीत नुसतं भरून आलं. दमलेली होती ती. पाठीच्या बाकावरून कळत होतं.

मग माझ्या लक्षात आलं. तिची पाठ माझ्याकडं होती.

वाऱ्याचा झोत आला तसं सगळं गवत तिच्याकडं झुकलं. तिचे केस हलले नाहीत.

"लुंबिनी," मी म्हणाले. नियमानं तिला नावाला ओ देता येत नव्हती, हे मला माहीत होतं. हात वर आला, कुसळ सुटलं, हात खाली गेला.

मी दोन्ही मुठी आवळल्या. सरजाबाईंचा तो थांबलेला हात आठवला, राखेनं माखलेला.

"हरले," मी ओरडले. "लुंबिनी, हरले गं मी! काकूंनी सांगितलंय, आम्ही सगळे हरलो. आता सांग. ऊठ आणि सांग."

माळावर माझाच आवाज लांब गेला आणि विरला. तिचा हात अर्ध्यावर थांबला. बराच वेळ तो तसाच अधांतरी राहिला. ज्वारीपलीकडं शहेबाजच्या गाडीला किक बसत नव्हती, एकदा, दोनदा, आणि मला मनात एवढंच येत होतं की तिनं वळू नये. तिनं वळू नये आणि तिनं बोलावं.

ती वळली नाही.

ओ आली. लांबडी, दमलेली, ओळखीची. माझ्या पायांखालच्या मातीतून आली.